टंकलेखनातला टंक (आणि जाता जाता लघुलेखन)

प्रश्न असा आहे: वडिलांच्या जुन्या कागदांत 'लघुलेखन ८० श.प्र.मि.' (म्हणजे शॉर्टहँड, मिनिटाला ८० शब्द) आणि 'टंकलेखन ४० श.प्र.मि.' अशी दोन प्रमाणपत्रं सापडली. तर लघुलेखन बरोबर की लघुलिपी? आणि टंकलेखनातला 'टंक' टाइपरायटरच्या टकटक आवाजावरून आला, हे खरं का?

नाही! हे टकटक प्रकरण मी कित्येक वर्षं ऐकतोय, आणि सांगणाऱ्याचा चेहरा दर वेळी नुकताच शोध लावल्यासारखा असतो. त्याच्यावर ताण म्हणजे टंक हा 'टाइप'चा अपभ्रंश म्हणणारे. अहो, अमरकोशात स्वच्छ लिहिलंय, 'टङ्कः पाषाणदारणः'. पाषाण फोडतो तो टंक, म्हणजे पाथरवटाची टाकी. टाइपरायटरच्या हजारेक वर्षं आधीपासून हा शब्द दगडावर घाव घालतोय.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण सगळ्यांना पाठ असते. टाकी कुणी पाहिलेली नसते. पूर्वी दारावर हाळी यायची, "टाकी लावायची का टाकीऽऽ", की गुळगुळीत झालेला पाटा अंगणात आडवा पडायचा. टिचे पाडून झाले की पुढचे आठ दिवस चटणीत कचकच.

नाण्यावर ठसा मारतात म्हणून नाणंही टंक. त्याचाच टका, आणि नाणी पाडायची ती टांकसाळ. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला देवघरातला खंडोबा, तो टाक. किल्ल्यावर कातळ खोदून केलेलं ते पाण्याचं टाकं. इंग्रजी कोशकारही त्यांच्या 'टँक'चं मूळ शोधत आपल्या आणि गुजरातीतल्या टाक्यापाशी येतात, मग पोर्तुगीज 'तांके'कडे बघत घुटमळतात. घुटमळू देत. आणि दौतीत बुडवायचा टाक? माझं म्हणणं, तोही याच घरातला. बोरू कागदावरून सरकतो, टाकाचं लोखंडी टोक कागदाला टोचतं. हे मी व्युत्पत्तीचा व्यासंग असलेल्या एका गृहस्थांना सांगितलं, तर म्हणाले, "शाई टाकतो तो टाक, इतकं सोपं आहे." या न्यायाने बादलीलाही टाक म्हणायला हवं.

तर टंकलेखन. हा शब्द ज्याने कुणी घडवला, तो टायपिंग क्लासच्या सकाळी साडेसहाच्या बॅचला नक्की बसलेला असणार. पूर्णविराम जरा जोरात पडला की कागदाला भोक. चार कार्बन लावले की डाव्या करंगळीने मारायचा इंग्रजी 'ए' शेवटच्या प्रतीवर पोचेपर्यंत अर्धमेला व्हायचा. आणि सायक्लोस्टाइलवर प्रती काढायची ती स्टेन्सिल! तिथे तर रिबन बाजूलाच करायची. खिळा थेट मेणकागदावर पडायचा आणि अक्षर कापलं जायचं. "स्टेन्सिल कापली का?" असंच साहेब विचारायचे, 'टाइप केली का' असं नाही. चुकलं की करेक्शन फ्लुइडचा ठिपका नेलपॉलिशसारखा लावायचा, फुंकर घालून वाळवायचा, आणि त्यावर पुन्हा घाव. टाकी आली, घाव आले, टंकलेखन म्हणायला आणखी काय हवं?

म्हणून मोबाइलच्या काचेवर अंगठा फिरवून 'टंकलं' म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. काचेवर ओरखडासुद्धा नाही आणि म्हणे टंकलं! तेही एक वेळ चालवून घेईन. पण 'टंकण'? हिंदी कार्यालयांतून आलेला हा ण आता आपल्याकडच्या पाट्यांवरही दिसायला लागलाय. संस्कृतात टंकण म्हणजे टाकणखार, सोनार दागिना सांधताना वापरतो तो. 'येथे मराठी टंकण शिकवले जाईल' ही पाटी वाचून मी खरंच आत डोकावलो होतो. संगणकच होते.

लघुलेखनाचं राहिलंच. आयझॅक पिटमन या इंग्रजाने १८३७ साली आणलेल्या शॉर्टहँडच्या पद्धतीत एकच रेघ बारीक काढली की प, ठसठशीत काढली की ब. स्पेलिंगला तिथे विचारत नाहीत, कानाला ऐकू येईल तेवढंच लिहायचं. स्वरांची टिंबं वेगात गाळतात; रेघ ओळीच्या वर काढलीय, ओळीवर की ओळीतून, त्यावरून स्वर ताडायचा. म्हणजे आखूड असते ती लिपी, लिहिणं जलद असतं. हिंदीवाल्यांनी हे ओळखून 'आशुलिपि' केलं, आशु म्हणजे जलद. (टंकणाचं पाप त्यांनी इथे थोडं फेडलं.) आपल्याकडे शीघ्रकवी सुखाने नांदतो, मग शीघ्रलेखकाने कुणाचं काय घोडं मारलं होतं? पण सरकारी पदनामांत बसला लघुलेखक. ऐकणाऱ्याला वाटावं, हा लघुकथा लिहितो. त्यातही 'लघुलेखक (उच्चश्रेणी)' वाचून मला दर वेळी एक बुटका माणूस स्टुलावर उभा दिसतो. लघुटंकलेखकाबद्दल तर बोलायलाच नको.

असो. चिन्हांची ती पद्धत लघुलिपी, ती वापरून उतरवून घेणं ते लघुलेखन. प्रमाणपत्र चुकलेलं नाही. त्याच कागदांत एखादी जुनी स्टेन्सिल निघाली तर फेकू नका, खिडकीपाशी उजेडात धरून बघा. अक्षरं आरपार दिसतील.