सिडनीत एकच मोकळा दिवस आहे, सोबत आईबाबा आहेत. हार्बर ब्रिज कसा पाहावा? कमानीवर चढायचं तिकीट काढावं का?

तुम्ही एप्रिलच्या मध्यावर येताय, आईबाबा पासष्टीच्या पुढचे आहेत, आणि कमानीवर चढण्याचं तिकीट बघून तुम्ही दोघं विचारात पडलाय, असं प्रश्नात लिहिलंय. मी अकरा वर्षं सिडनीत राहते. घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला हा पूल दाखवून झालाय, त्यामुळे सरळच सांगते: चौघंही पूल चालत ओलांडा. दुपारी, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे. चालणाऱ्याला इथे एक पैसाही पडत नाही.

दिशा महत्त्वाची आहे. बहुतेक लोक दक्षिण काठावरच्या द रॉक्स या जुन्या वस्तीच्या बाजूने वर येतात, मध्यापर्यंत जातात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही शहरातल्या विनयार्ड स्टेशनवरून मिल्सन्स पॉइंटची, म्हणजे पुलाच्या उत्तर टोकाची, गाडी पकडा. सर्क्युलर की या धक्क्याच्या स्टेशनवरून थेट गाडी नाही, ती शहरातल्या शहरात फिरणारी लाइन आहे. ही गाडी पुलावरूनच जाते, म्हणजे जाताना पूल एकदा बसून बघून होतो. तिकिटासाठी ओपल कार्ड घ्या किंवा बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, फक्त माणशी एक कार्ड हवं. एकाच कार्डावर चौघं जाऊ शकत नाहीत. माझ्या काकांना हे माहीत नव्हतं आणि आम्ही सगळे गेटपाशी अडकलो होतो.

मिल्सन्स पॉइंटला उतरलात की पुलाचा जिना जवळच आहे. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर लिफ्टही आहे, दोन्ही टोकांना. पायवाट पूर्वेकडच्या अंगाला, पश्चिमेचा पट्टा सायकलवाल्यांचा, त्यामुळे चुकायची सोय नाही. दक्षिणेकडे तोंड करून चालताना ऑपेरा हाऊस डाव्या हाताला येतं आणि दुपारचं ऊन तुमच्या पाठीमागच्या बाजूने त्याच्यावर पडतं. सकाळी नेमकं उलटं होतं, सूर्य समोरून डोळ्यांत येतो आणि फोटोत सगळं काळं दिसतं. कडेला उंच जाळी आहे. मोबाइल जाळीला टेकवून धरलात की जाळी फोटोत येत नाही.

पुलाची लांबी ११४९ मीटर. सरळ चाललात तर वीस मिनिटं, पण आईबाबांबरोबर तास धरा.

माझे बाबा इकडे आले होते तेव्हाची गोष्ट सांगते. ते आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. मी त्यांना ऑपेरा हाऊस दाखवत होते आणि ते मात्र उलट्या बाजूला बघत होते. एका ठिकाणी पुलाचं पोलाद हाताच्या अंतरावर येतं. राखाडी रंगाच्या जाड थराखाली रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या जाड खिळ्यांची, अर्धगोल डोकी, ओळीने. बाबांनी एकावर तळवा ठेवला, मग बोट फिरवत पुढच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर. म्हणाले, "दोन सारखे नाहीयेत बघ. माणसाने बसवलेत." तेव्हापासून मी इथून जाताना एखाद्या रिव्हेटला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही.

या पुलात असे सुमारे ६० लाख रिव्हेट आहेत. एक जण भट्टीत रिव्हेट लाल करायचा आणि चिमट्याने फेकायचा, दुसरा तो बादलीत झेलायचा, भोकात घालायचा, एक जण मागून दाबून धरायचा आणि एक जण पुढून ठोकून डोकं तयार करायचा. हे सगळं पाण्यावर, वाऱ्यात, कमरेला दोर न बांधता. गार होताना रिव्हेट आकसतो आणि पत्रे एकमेकांना घट्ट आवळतो, यात खरी ताकद आहे. बांधकामात १६ कामगार गेले. १९३० साली व्हिन्सेंट केली नावाचा कामगार पुलावरून खाली बंदरात पडला. पोहण्यात आणि सूर मारण्यात तरबेज होता, पडता पडता त्याने अंग सरळ केलं आणि बरगड्या मोडण्यावर निभावलं. थोड्याच आठवड्यांत तो कामावर परत आला. पुलाच्या मध्यावर उभं राहून खाली पाण्याकडे बघा, म्हणजे याचा अर्थ कळेल.

कमान दोन्ही काठांवरून एकदमच पुढे सरकवत नेली होती. मधे आधाराला काही नाही, कारण खालून जहाजं जायची होती. प्रत्येक अर्ध्या कमानीला १२८ पोलादी दोरांनी मागे ओढून धरलं होतं आणि ते दोर खडकात खणलेल्या बोगद्यांत अडकवले होते. मग दोर हळूहळू सैल सोडत १९ ऑगस्ट १९३० च्या रात्री दोन्ही टोकं जुळवली. कमानीचा गाळा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, ५०३ मीटर आणि तो असा हवेत जुळवलेला. पूल १९ मार्च १९३२ ला खुला झाला. त्याआधी फेब्रुवारीत रुळांवर ९६ वाफेची इंजिनं उभी करून वजनाची चाचणी घेतली होती.

आता एक गोष्ट तुमच्या बाबांना नक्की दाखवा, कारण पर्यटक ती बघतच नाहीत. दोन्ही टोकांना ते दगडी मनोरे दिसतात ना, पायलॉन, ते बघून वाटतं की कमान त्यांच्यावर उभी आहे. अजिबात नाही. ८९ मीटर उंचीचे ते चार मनोरे शोभेचे आहेत, म्हणजे लोकांना पूल भक्कम वाटावा म्हणून. वरचा ग्रॅनाइट मोरुयाच्या खाणीतला. खरा भार मनोऱ्यांच्या पायथ्याशी असलेल्या चार प्रचंड बिजागऱ्यांवर येतो, एकेकीवर सुमारे २०,००० टन. बिजागरी यासाठी की उन्हाने पोलाद प्रसरण पावतं आणि कमानीचा माथा १८ सेंटिमीटरपर्यंत वरखाली होतो. तो हलायला मोकळा हवा. दक्षिणेला उतरलात की डॉज पॉइंटच्या बागेत जा, पुलाच्या अगदी खाली. तिथून बिजागरी स्पष्ट दिसते. तिथल्या हिरवळीवर बसून डबा खा, वरून गाड्यांचा घरघराट ऐकू येतो. सिडनीतली माझी सगळ्यात आवडती जागा कुठली विचाराल तर हीच.

उतरण्याआधी दक्षिणपूर्वेचा पायलॉन लागतो, त्यात छोटं संग्रहालय आणि वर गच्ची आहे. वेगळं तिकीट आहे, पण कमानीच्या तिकिटापुढे किरकोळ. २०० पायऱ्या आहेत आणि तिथे मात्र लिफ्ट नाही. मजल्यामजल्यावर थांबत जाता येतं, त्यामुळे आईबाबांनी ठरवावं. वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा.

आता कमानीवर चढण्याबद्दल. मी एकदा गेलेय. ही सोय १९९८ पासून आहे. आधी श्वासाची चाचणी होते, अंगात खास सूट चढवतात, मोबाइल, घड्याळ, कॅमेरा सगळं खाली ठेवून घेतात आणि कमरेचा पट्टा शेवटपर्यंत एका तारेत अडकवलेला असतो. माथा समुद्रसपाटीपासून १३४ मीटर. पूर्ण फेरीला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. अनुभव सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण तुमच्याकडे एकच दिवस आहे, त्यातला अर्धा यात जाईल आणि आईबाबा खाली बाकावर बसून वाट बघत राहतील. मला ते पटत नाही. तुम्ही दोघं पुन्हा कधी आलात तर जरूर चढा, तेव्हा संध्याकाळची वेळ घ्या, महाग असली तरी.

भाड्याची गाडी घेऊन पुलावरून जायचा विचार असेल तर सोडून द्या. दक्षिणेकडे येताना टोल लागतो, तो इलेक्ट्रॉनिक आहे, रोख घेत नाहीत, आणि गाडीतून दिसतं ते फक्त वरचं पोलाद.

थोडं या काठांविषयीही. द रॉक्स आणि मिल्सन्स पॉइंटला आज जिथे तुम्ही कॉफी प्याल तिथे पुलाच्या रस्त्यांसाठी शेकडो घरं पाडली होती. घरमालकांना पैसे मिळाले, भाडेकरूंना काही नाही. याच पुलावरून २८ मे २००० ला अडीच लाखांच्या आसपास लोक आदिवासींशी सलोख्यासाठी चालत गेले. २०२२ पासून कमानीच्या माथ्यावर आदिवासींचा काळा, लाल, पिवळा झेंडा कायमचा फडकतोय. चालताना मान वर करून बघा.

एप्रिलच्या मध्यावर सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो. म्हणून विनयार्डहून अडीचपर्यंत निघा. पूल, पायलॉन, डॉज पॉइंट झालं की सर्क्युलर की दहा मिनिटांवर आहे. तिथून अंधार पडता पडता मिल्सन्स पॉइंटची फेरी बोट घ्या, ती पुलाच्या खालून जाते. आत बसू नका, पुढच्या डेकवर उभे राहा, वारा असतो म्हणून आईंना शाल असू द्या. पूल डोक्यावर येतो तेव्हा सगळे आपोआप गप्प होतात. तिकडे लुना पार्क या जत्रेसारख्या करमणुकीच्या पार्कचे दिवे लागलेले असतील, धक्क्यावर पाय मोकळे करा आणि पुढच्या बोटीने परत या.