हत्ती खरंच शंभर वर्षं जगतो का? म्हातारा हत्ती ओळखायचा कसा?

शंभर म्हणजे फारच झालं. जंगलातल्या हत्तीने साठी-पासष्टी गाठली तरी भरपूर जगला म्हणायचं.

गडचिरोलीत नोकरीला असताना कमलापूरच्या हत्ती कॅम्पवर माझं जाणं-येणं असायचं. तिथल्या एका माहुताला मी तुमचाच प्रश्न विचारला होता. तोंडाने काही न सांगता त्याने पायाने लिदीचा एक गोळा फोडला. आत बोटभर लांब काड्या आणि सालीचे धागे, गिळले तसेच बाहेर आलेले. मग शेजारच्या तरण्या हत्तीच्या लिदीतला गोळा फोडला. तो चांगला बारीक दळलेला. पहिली लीद म्हातारीची होती, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

हत्तीचं वय दाढांत असतं. आपल्यासारखे त्याचे दात पडून खालून दुसरे येत नाहीत. जबड्याच्या प्रत्येक बाजूला एका वेळी एक, फार तर दीड दाढ कामावर असते. ती झिजत पुढे सरकते, तुकडे होऊन पडते आणि मागची तिची जागा घेते. अशा सहा खेपा. पहिली दोन-तीन वर्षांतच संपते. सहावी चाळिशीच्या आसपास कामाला लागते आणि साठीनंतर कधीतरी सपाट होते. जातं गुळगुळीत झालं की आपण टाकी लावून घेत होतो, इथे ती सोय नाही. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागणारा प्राणी, पण चावताच येत नाही म्हटल्यावर समोर जंगल असूनही खंगत जातो. असे म्हातारे हत्ती मग पाणथळ जागी, कोवळ्या गवताशी रेंगाळतात आणि बरेचदा तिथेच मरतात. ‘हत्तींची स्मशानभूमी’ ही दंतकथा बहुधा त्यातूनच निघाली असावी.

मग पेपरात येणारे ऐंशी-नव्वदचे आकडे? तैपेईच्या प्राणिसंग्रहालयातला लिन वांग २००३ मध्ये ८६ व्या वर्षी गेला. मध्य प्रदेशात पन्नाच्या वत्सलाने शंभरी ओलांडली होती असं सगळे सांगतात. ती केरळातल्या निलांबूरच्या जंगलातून आणलेली, त्यामुळे जन्माची नोंदच नाही. जुलै २०२५ मध्ये ती गेली. शेवटच्या वर्षांत तिला दिसत नव्हतं आणि दाढा नसल्यामुळे दलिया शिजवून घालत होते. दाढा संपल्यावरही हत्ती जगला, तर त्याच्यामागे रोज चूल पेटवणारं कुणीतरी असतं.

पण माणसाच्या हातात असलं की आयुष्य वाढतंच, असं अजिबात नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई माद्यांचं मध्यायुष्य (म्हणजे ज्या वयापर्यंत निम्म्या मेल्या, ते वय) १८.९ वर्षं निघालं, आणि म्यानमारमध्ये लाकूड ओढणाऱ्या हत्तिणींचं ४१.७. ओंडके ओढणारीला दुप्पट आयुष्य! बसून खाणं, लठ्ठपणा, कळपापासून तुटणं, काय म्हणायचं ते म्हणा.

लांबून वय ओळखायचं तर कान बघा. आपल्याकडच्या हत्तीच्या कानाची वरची कड वयाबरोबर पुढे दुमडत जाते आणि खालची फाटून झालरीसारखी होते. कपाळाच्या बाजूचे खळगे खोल जातात. (उपासमारीतही जातात, म्हणून एकट्या त्यावर भिस्त नको.) सोंडेवरचे गुलाबी ठिपके मात्र काहींना तरुणपणीच येतात, त्यांच्यावरून फसू नका.

आणि मिरवणुकीतला हत्ती दाखवून कुणी ‘याचं वय नव्वद’ म्हणालं, तर ‘याला खायला काय घालता?’ एवढंच विचारा. भात-दलिया शिजवून, ऊस बारीक तोडून देत असतील तर एक वेळ मानता येईल. वडाच्या फांद्या करकर मोडून खात असेल, तर नव्वदमधली तीस-चाळीस वर्षं खुशाल वजा करा.