घशातला स्ट्रेप्टोकोकस नेमका आजार कसा करतो? इम्युनिटी चांगली असेल तर तीन दिवसांत बरं वाटल्यावरही दहा दिवस पेनिसिलिन कशाला घ्यायचं?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, स्ट्रेप्टोकोकसने धरलेला घसा आपोआप बरा होतो, बहुतेकांचा आठवडाभरात होतो, एकही गोळी न घेता. दहा दिवसांचा कोर्स मुख्यतः हृदय वाचवायला देतात आणि हे चिठ्ठी लिहिताना कुणी नीट सांगत नाही म्हणून लोक तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करतात.

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये आहे, घशाचे स्वॅब रोजचेच. पण उत्तर लिहायला बसले ते तुमच्या "इम्युनिटी चांगली असेल तर" या शब्दांमुळे. हेच शब्द आमच्या घरात थोरल्या मामांनी उच्चारले होते आणि माझ्या धाकट्या बहिणीची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूची) त्यानंतर खराब झाली.

ती सहावीत होती. एकाएकी घसा धरला, थुंकी गिळता येईना, सणकून ताप, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. खोकला नाही, नाक वाहत नाही. आज असं मूल समोर आलं तर मी पहिला संशय स्ट्रेपचाच घेईन, कारण सर्दी खोकल्यासोबत दुखणारा घसा बहुतेक वेळा व्हायरसचा असतो. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत ताप उतरला, पोरगी खेळायला लागली, आणि मामा म्हणाले की आता बस, पोरीची प्रतिकारशक्ती उत्तम आहे, उगाच गोळ्या घालून ती मारू नका. मामा घरातले शिकलेले, त्यांचा शब्द कोण मोडणार. उरलेल्या गोळ्या कपाटात गेल्या.

पुढचे काही आठवडे काहीच नाही, ती शाळेत जात होती, सगळं नेहमीसारखं. मग एका सकाळी उजवा गुडघा सुजला, लाल, हात लावला तर गरम, आणि दुखणं असं की पायावर पांघरूण टेकलं तरी ओरडायची. दोन दिवसांनी गुडघा बरा आणि घोटा सुजलेला, मग मनगट. मामांचं म्हणणं, वाढीचं वय आहे, हाडं दुखतात. (वाढीच्या दुखण्यात सांधा सुजत नाही आणि लाल होत नाही, एवढं सगळ्या आईबापांनी लक्षात ठेवा.) जिना चढताना तिला दम लागायला लागला तेव्हा आई तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी सोबत होते. त्यांनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला, मग हळूहळू डाव्या काखेकडे सरकवत नेला, परत मागे आणला, परत नेला, तिला कुशीवर वळवून पुन्हा ऐकलं, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. झडप गळत होती. तो आवाज काखेकडे पसरतो हे मला कितीतरी वर्षांनी पुस्तकात वाचल्यावर कळलं.

आता तुमचा पहिला प्रश्न, कारण त्या मधल्या शांत आठवड्यांत काय चाललं होतं हे कळल्याशिवाय हे सगळं समजत नाही.

घशाचा स्ट्रेप म्हणजे ग्रुप ए, स्ट्रेप्टोकोकस पायोजीनस. ही ए, बी वगैरे वर्गवारी अमेरिकन मायक्रोबायोलॉजिस्ट रेबेका लान्सफील्ड यांनी १९३३ मध्ये केली, पेशीभित्तिकेतल्या शर्करेवरून. त्याच्याही आधी त्यांनी या जंतूच्या पृष्ठभागावरचं एम प्रोटीन शोधलं होतं आणि माझ्या मते या जंतूची निम्मी कहाणी त्या एम प्रोटीनमध्ये आहे. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीनची यंत्रणा असते, ती जंतूवर खूण करते आणि ती खूण बघून पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. स्वतःच्या पेशींवर ही खूण पडू नये म्हणून आपल्याच शरीरात फॅक्टर एच सारखी आवर घालणारी प्रोटीन्स असतात. एम प्रोटीन नेमकं त्यांनाच पकडून अंगावर बसवतं, वर फायब्रिनोजेनचाही (रक्त गोठवणारं आपलंच प्रोटीन) थर चढवतं, म्हणजे खूण पडतच नाही. बाहेर हायल्युरोनिक ॲसिडचं आवरण असतं, आपल्या शरीरात जे असतं तेच, त्यामुळे त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी धड तयार होत नाहीत.

आणि हा जंतू फक्त लपत नाही, हल्लाही करतो. पांढऱ्या पेशींना बोलावणारे जे रासायनिक संदेश असतात, सी५ए आणि इंटरल्युकिन ८, ते तोडायला त्याच्याकडे वेगवेगळी एन्झाइम्स आहेत. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मरताना स्वतःच्या डीएनएचं जाळं टाकतात, ते तोडायला डीएनेझ. गुठळीत अडकला तर स्ट्रेप्टोकायनेज, जे आपल्याच रक्तातल्या प्लाझ्मिनोजेन या प्रोटीनला कामाला लावून गुठळी विरघळवतं. हार्ट ॲटॅकमध्ये गुठळी फोडायला वर्षानुवर्षं दिलेलं इंजेक्शन ते हेच, स्ट्रेप्टोकोकसपासूनच मिळवलेलं. आपली आयजीजी अँटिबॉडी मधोमध कापणारं एक एन्झाइमही त्याच्याकडे आहे आणि ते इतकं अचूक कापतं की आता किडनी ट्रान्सप्लांटच्या काही रुग्णांमध्ये औषध म्हणून वापरतात, इम्लिफिडेज नावाने. मला या जंतूचा राग आहे तरी हे वाचताना दर वेळी थक्क व्हायला होतं.

लॅबमध्ये यातलं एकच डोळ्यांना दिसतं. स्वॅब फिरवलेली, मेंढीचं रक्त घातलेली ब्लड अगरची (जंतू वाढवायच्या जेलीची) प्लेट रात्रभर ३५-३७ डिग्रीला ठेवून सकाळी उजेडासमोर धरायची, बारीक राखाडी कॉलन्या, म्हणजे जंतूंचे पुंजके, असतात आणि प्रत्येकीभोवती लाल रंग पूर्ण उडालेलं पारदर्शक कडं, कॉलनीपेक्षा कितीतरी मोठं. ते स्ट्रेप्टोलायसिन या त्याच्या विषाचं काम, रक्तपेशी फोडल्यात. असं कडं दिसलं की मी अजूनही क्षणभर थांबते आणि स्वॅबच्या फॉर्मवर पेशंटचं वय बघते. ५ ते १५ असलं की रिपोर्ट फोनवर कळवते, कागदाची वाट बघत नाही.

आता इम्युनिटी. एवढं सगळं असूनही आपलं शरीर हा सामना सहसा जिंकतं. एम प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, खूण पडायला लागते, जंतू मरतात. पण एम प्रोटीनचे २०० च्या वर प्रकार आहेत, एकाविरुद्धची अँटिबॉडी दुसऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही, म्हणून लहान मुलांना हे परत परत होतं. आणि खरा घोटाळा पुढे आहे. एम प्रोटीनचे काही भाग आणि ती ग्रुप ए ची शर्करा, यांची ठेवण हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनशी आणि झडपेतल्या प्रोटीनशी मिळतीजुळती असते. काही जणांमध्ये, यात अनुवंशिकतेचा भाग आहे, जंतूविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी झडपेच्या अस्तरालाच चिकटतात, अस्तर सुजतं, मग टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) झडपेच्या आत घुसतात. हाच रुमॅटिक फीवर. घसा दुखून गेल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी उद्भवतो कारण अँटिबॉडी आणि टी पेशींची फौज उभी राहायला तेवढा वेळ लागतो. सांधे सुजून बरे होतात, मेंदूवर परिणाम झाला तर हातपाय आपोआप हलायला लागतात, तेही बरं होतं, झडप मात्र खरवडलेली राहते आणि पुन्हा पुन्हा इन्फेक्शन झालं की अजून जाड होत जाते.

म्हणजे मामा म्हणाले ते एका अर्थी बरोबरच होतं, बहिणीची प्रतिकारशक्ती कुठेही कमी पडली नव्हती! ती जोरात लढली, जंतूला हरवलं, आणि त्याच लढाईत झडप गेली. मी हे त्यांना आकृती काढून समजावलंय. त्यांचं उत्तर ठरलेलं, की दोन दिवस का होईना गोळ्या खाल्ल्या म्हणूनच शरीर कमजोर झालं. तेव्हापासून "इम्युनिटी वाढवा" असं कुणी म्हणालं की मी सरळ विचारते, कुठली इम्युनिटी, कुणाविरुद्ध, आणि किती वाढवायची? याच जंतूच्या काही जातींची विषं टी पेशींना एकदम, निवड न करता भडकवतात, एरवी दहा हजारांत एखादी जागी व्हायची तिथे पाचातली एक जागी होते, रक्तदाब कोसळतो, अवयव बंद पडतात. टॉक्सिक शॉक म्हणतात त्याला. तिथेही माणूस मरतो तो इम्युनिटीच्या अतिरेकानेच.

पेनिसिलिनने काय होतं तर जंतू घशातून समूळ जातो आणि इम्युनिटीला चिथावणारा मालच शिल्लक राहत नाही. हे कुणाचं मत नाही, १९५० च्या सुमारास अमेरिकेत वायोमिंगमधल्या वॉरेन हवाई तळावर घसा धरलेल्या तरुण सैनिकांवर अभ्यास झाला, पेनिसिलिन मिळालेल्यांत रुमॅटिक फीवर जवळपास दिसेनासा झाला, न मिळालेल्यांत शंभरात दोनतीन जणांना झाला. घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू केलं तरी संरक्षण मिळतं, म्हणजे कल्चरच्या (स्वॅबमधला जंतू प्लेटवर वाढवून बघायच्या) रिपोर्टसाठी एकदोन दिवस थांबलात तर काही बिघडत नाही. पण ताप उतरणं वेगळं आणि टॉन्सिलच्या खाचांतून जंतू निघून जाणं वेगळं, दोन दिवसांत पहिलं होतं, दुसऱ्याला दिवस लागतात.

स्ट्रेप पुन्हा होऊ नये म्हणून बहिणीला तेव्हापासून दर ३ आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे, १२ लाख युनिट, कमरेत खोल. पांढरं घट्ट औषध, सुई मध्येच तुंबते, नर्स बाटली दोन्ही तळव्यांत फिरवून जरा कोमट करते आणि अगदी सावकाश देते, तरी त्या दिवशी ती लंगडतच घरी येते. झडपेत दोष राहिला असेल तर निदान १० वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यातलं जे जास्त असेल तोवर हे चालू ठेवायचं असतं. तिची झडप पुढे गळायची कमी होऊन आखडत गेली, मधली वाट माशाच्या तोंडासारखी अरुंद झाली, आणि मूल होऊ द्यायचं ठरवल्यावर आधी पायाच्या शिरेतून बलून घालून ती मोठी करावी लागली, कारण गरोदरपणात रक्ताचं प्रमाण निम्म्याच्या आसपास वाढतं आणि तेवढं रक्त त्या फटीतून जाणार कसं.

मामांचा सध्याचा मुद्दा असा की इतकी वर्षं एकच अँटिबायोटिक दिलं तर जंतू त्याला दाद देणार नाही. दुसऱ्या जंतूंबद्दल हे खरं आहे. पण ग्रुप ए स्ट्रेप पेनिसिलिनला आजही बळी पडतो, औषध वापरात येऊन ८० वर्षं होऊन गेली तरी. एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिनच्या गटाला मात्र तो बऱ्याच ठिकाणी जुमानत नाही, त्यामुळे पेनिसिलिनची खरी ॲलर्जी नसेल तर स्वतःहून तीन दिवसांची अझिथ्रो घेऊ नका.

लसीचंही कुणीतरी विचारेलच. नाही, अजून नाही. एम प्रोटीनचे प्रकार खूप आणि लसच झडपेविरुद्ध अँटिबॉडी तयार करेल ही भीती, या भीतीपोटी अमेरिकेत या जंतूचे घटक लसीत वापरायला १९७९ ते २००५ बंदीच होती. जगात ४ कोटींच्या वर लोक रुमॅटिक हृदयविकार घेऊन जगतायत आणि लसीवरचं काम इतकं रखडलंय, याचा मला खरंच संताप येतो.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. दुखणारा प्रत्येक घसा स्ट्रेपचा नसतो, मुलांमध्ये चारातला एक धरा, मोठ्यांत त्याहून कमी, त्यामुळे माझं वाचून घरातल्या जुन्या गोळ्या काढून बसू नका, स्वॅब करा. रुमॅटिक फीवर जिथे जवळपास संपलाय तिथे कोर्सही लहान झालेत, ब्रिटनमध्ये ५ ते १० दिवस सांगतात, म्हणजे १० हा आकडा सगळीकडे सारखा नाही, तुमच्या डॉक्टरांनी जेवढे लिहिलेत तेवढे घ्या. किडनीला सूज येण्याचा जो प्रकार याच जंतूनंतर होतो, तो पेनिसिलिनने हमखास टळत नाही, पण मुलांमध्ये बहुतेकदा पूर्ण बरा होतो.

आणि एएसओ, म्हणजे स्ट्रेप्टोलायसिनविरुद्धच्या अँटिबॉडी मोजणारी रक्ततपासणी. नुसता एएसओ वाढलाय म्हणून रुमॅटिक फीवर म्हणणं चूक आहे, त्यातून फक्त एवढंच कळतं की गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कधीतरी स्ट्रेप येऊन गेला. त्या एका आकड्यावर मुलांना वर्षानुवर्षं इंजेक्शनं घेताना मी पाहिलंय. उलट घसा दुखून गेल्यावर महिनाभरात एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी सूज आली, किंवा मूल चालताना धापा टाकायला लागलं, तर एएसओवर न थांबता त्याच आठवड्यात हृदयाची इको करून घ्या, आवाज ऐकू येत नसला तरी, कारण सुरुवातीची गळती स्टेथोस्कोपला चकवते आणि इकोत दिसते.