आधी कोणता दिवा बदलावा? घरातल्या दिव्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घर जुनं आहे. पाच-सहा पिवळे बल्ब, चोकवाल्या दोन ट्यूब आणि देवघरात झिरोचा बल्ब आहे. एलईडी दिवे टप्प्याटप्प्याने लावायचे आहेत. सुरुवात कुठून करावी? (कऱ्हाड)

उत्तर : देवघरापासून. झिरोचा म्हणून मिळणारा जुना काचेचा बल्ब साधारण १५ वॅटचा असतो. तो दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याला १०.८ युनिट वीज घेतो. बैठकीतला ६० वॅटचा बल्ब रोज सहा तास लावला, तरी महिन्याचे तेवढेच १०.८ युनिट होतात. देवघरात अर्ध्या वॅटचा एलईडी लावला की हाच खर्च ०.३६ युनिटवर येतो. म्हणून वॅट पाहून क्रम लावू नका, दिवा रोज किती तास चालू असतो ते पाहा. देवघर, बैठक, स्वयंपाकघर आणि रात्रभर चालणारा अंगणातला दिवा आधी बदला. माळ्यावरचा बल्ब दिवसाला दहा मिनिटं लागत असेल तर तो शेवटी बदलला तरी चालेल.

ट्यूबवर ३६ किंवा ४० वॅट लिहिलेलं असलं, तरी जुना तांब्याचा चोक स्वतः दहा-बारा वॅट खातो. म्हणजे एक ट्यूब जवळपास ५० वॅट घेते. तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी पुरते. जुन्याच पट्टीत एलईडीची नळी घालून पैसे वाचवण्याचा मोह होतो, पण तशा बहुतेक नळ्या थेट २३० व्होल्टवर चालतात. त्यासाठी चोक आणि स्टार्टर काढून नळीवरच्या आकृतीप्रमाणे वायर जोडाव्या लागतात. काही नळ्यांना दोन्ही वायर एकाच टोकाला लागतात. तिथे चूक झाली तर मेन स्विच ट्रिप होतो किंवा फ्यूज उडतो. त्यापेक्षा पूर्ण नवी पट्टी घेतलेली बरी.

प्रश्न : ६० वॅटच्या बल्बच्या जागी ९ वॅटचा एलईडी आणला, पण ओट्यावर उजेड कमी वाटतो. १५ वॅटचा घ्यावा का? (पनवेल)

उत्तर : आधी खोक्यावर ल्युमेन किती लिहिले आहेत ते पाहा. वॅट म्हणजे वीज किती लागते, ल्युमेन म्हणजे उजेड किती मिळतो. ६० वॅटचा पिवळा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन देतो आणि ९ वॅटचा चांगला एलईडी ८०० ते ९००. रस्त्यावर सुट्या मिळणाऱ्या बल्बवर ल्युमेनचा आकडा, बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि बीईईचं (ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं) स्टार लेबल नसेल, तर त्यावरच्या ‘९ वॅट’ला काही अर्थ नाही.

खोक्यावरचा आकडा ठीक असेल तर होल्डर कसा आहे ते बघा. पिवळ्या बल्बचा उजेड जवळपास सगळीकडे जातो. एलईडी बल्बचा मागचा अर्धा भाग मात्र बंद असतो, त्यामुळे उजेड मुख्यतः समोर पडतो. भिंतीवरच्या आडव्या होल्डरमध्ये तो समोरच्या भिंतीवर जातो आणि ओटा अंधारात राहतो. तिथे जास्त वॅटचा बल्ब लावून काम होत नाही. ओट्याच्या वर पट्टी लावा, तीही उभं राहिल्यावर आपल्या डोक्याच्या थोडी पुढे येईल अशी, म्हणजे हातांवर स्वतःची सावली पडणार नाही. खोक्यावरचा केल्विनचा आकडा उजेडाचा रंग सांगतो, कमी असला तर पिवळसर. भाजी निवडायला, तांदूळ पाखडायला ४००० केल्विनचा उजेड चांगला. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा असतो. झोपण्याच्या खोलीसाठी २७०० ते ३००० केल्विन घ्या.

प्रश्न : चालू असलेले सीएफएल काढून टाकावेत का? (मडगाव)

उत्तर : घाई नको. १४ वॅटच्या सीएफएलऐवजी ९ वॅटचा एलईडी लावला तर रोज सहा तासांच्या वापरात महिन्याला जेमतेम एक युनिट वाचतं. गेला की बदला. त्यात पारा असतो, तेव्हा काढताना काचेच्या नळीला धरून पिरगाळू नका, खालच्या प्लास्टिकला धरा. फुटला तर पंखा बंद करून खिडक्या उघडा, पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा आणि मग तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याने पारा पसरतो. तुकडे झाकणाच्या बरणीत भरून ई-कचऱ्यात द्या.

प्रश्न : बैठकीत काचेच्या बंद गोळ्यात एलईडी बल्ब लावतो. सहा-आठ महिन्यांत जातो. दुसरीकडे तोच बल्ब वर्षानुवर्षं टिकतो. असं का? (सोलापूर)

उत्तर : उष्णतेमुळे. एलईडी पिवळ्या बल्बइतका तापत नाही, पण त्याला उष्णता सोसतही नाही. बल्बच्या तळाशी एक छोटं सर्किट असतं, त्यातला वीज साठवणारा कपॅसिटर सगळ्यात नाजूक. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. बंद गोळ्यात गरम हवेला वाट नसते आणि तुमच्याकडच्या उन्हाळ्यात छताजवळची हवा आधीच तापलेली असते. गोळा काढता येत नसेल तर त्यात ९ऐवजी ५ किंवा ७ वॅटचा बल्ब लावा, नाहीतर छताला लागणारी उघडी एलईडी फिटिंग घ्या.

गोळा काढूनही बल्ब जातच राहिला तर होल्डर तपासा. वर्षानुवर्षं १०० वॅटचे बल्ब लावलेल्या होल्डरच्या आतल्या पिनांची स्प्रिंग उष्णतेने ढिली पडते. संपर्क नीट होत नाही, ठिणग्या पडतात आणि एलईडीचं सर्किट त्या धक्क्यांनी जातं. बल्ब हलवल्यावर लुकलुकला किंवा पिना काळ्या दिसल्या, तर मेन बंद करून होल्डरच बदलून घ्या.

एक गोष्ट मात्र वेगळी आणि गंभीर आहे. एकाच दिवसात घरातले बरेच दिवे गेले, किंवा काही एकदम प्रखर आणि काही मंद झाले, तर न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) सुटलेला असू शकतो. अशा वेळी व्होल्टेज २३०च्या बरंच वर जातं आणि टीव्ही, फ्रिजही जळतात. लगेच मेन बंद करून वीज कंपनीला कळवा.

प्रश्न : बटण बंद केल्यावरही जिन्यातला एलईडी अंधुक लुकलुकतो. वीज गळते आहे का? (नाशिक)

उत्तर : बटणावर बारीक लाल दिवा असेल, तर त्यातून जाणारा अगदी थोडा प्रवाह हे कारण. तो हळूहळू बल्बच्या कपॅसिटरमध्ये साठतो, पुरेसा झाला की बल्ब क्षणभर पेटतो. दिवा नसलेलं बटण बसवलं की थांबतं. जिन्याला वर-खाली दोन बटणं असतील, तर शेजारून जाणाऱ्या लांब वायरींमुळेही असं होतं. या दोन्हींत धोका नाही.

धोक्याचं कारण तिसरं : बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर बसवलेलं असणं. जुन्या घरांत हे सर्रास दिसतं. पिवळा बल्ब इतक्या कमी प्रवाहाला पेटत नव्हता, म्हणून आजवर लक्षात आलं नाही. बल्ब काढा, बटण बंद ठेवा आणि होल्डरच्या पिनांना टेस्टर लावा. टेस्टर ठळक पेटला तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज आहे आणि बल्ब बदलताना शॉक बसू शकतो. वायरमनकडून फेज बटणावर घेईपर्यंत तिथला बल्ब बदलायचा झाला तर मेन बंद करूनच बदला.