‘हॅव’ कुठे लावायचा?

प्रश्न: ऐरोलीतल्या कंपनीत काम करते. ईमेलमध्ये ‘आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे’ लिहिलं की साहेब ‘हॅव’ खोडतात. आपण ‘काल पाठवली आहे’ म्हणतोच ना?
– एक वाचक, घणसोली

उत्तर: मराठीत ते बिनदिक्कत चालतं, म्हणूनच ही चूक इतकी चिवट आहे. इंग्रजीत संपलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ बसत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2019 यांपैकी काही आलं की साधा भूतकाळ: ‘आय सेंट द फाइल यस्टरडे.’ काम झालंय एवढंच कळवायचं असेल, तर ‘आय हॅव सेंट द फाइल.’ ‘व्हेन’ने विचारतानाही ‘व्हेन डिड यू सेंड इट?’ असंच. ‘डिड’नंतर ‘सेंट’ नको, मूळ रूप हवं.

‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ हेही ऑफिसात सर्रास ऐकू येतं. बरोबर वाक्य: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.’ कालावधीला ‘फॉर’. सुरुवात सांगताना ‘सिन्स 2022’.

ईमेल पाठवण्याआधी वेळेचे शब्द शोधा, मग त्याच वाक्यातलं क्रियापद तपासा. नुसते तक्ते पाठ करण्यापेक्षा याने हात लवकर बसतो.