मांजराने शिवणाच्या कापडावर लघवी केली तर

हताश होऊ नका. लगेच हालचाल केली, तर बहुतेक सुती कापड वाचते. प्रथम जुन्या फडक्याने दाबून ओल टिपून घ्या, चोळू नका. मग कापड गार पाण्यात खळबळून त्यावर एन्झाइमयुक्त क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत राहू द्या, कारण वास धरून ठेवणारे यूरिक आम्ल साध्या साबणाने पुरते निघत नाही आणि वास राहिला की मांजर पुन्हा त्याच जागी येते.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका या:

- डाग जाण्याआधी इस्त्री फिरवणे; उष्णतेने तो पक्का बसतो.
- ब्लीच ओतणे. लघवीतील अमोनियाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो.
- फरशीला फिनेल लावणे. ते मांजरांना घातक ठरू शकते.

गिऱ्हाइकाची रेशमी साडी असेल, तर घरी प्रयोग न करता ड्रायक्लीनिंगला द्या आणि गिऱ्हाइकाला खरे काय ते सांगा.

मांजर वारंवार असे करू लागले, तर त्याला रागावू नका; ते मूत्रविकाराचे लक्षण असू शकते. विशेषतः बोका कुंथत असूनही लघवी होत नसेल, तर एक तासही न दवडता पशुवैद्याकडे न्या.