टोमॅटो, तोंडलं आणि कारीट

चिऊ,

रविवारी मराठी शाळेतून परत येताना तू मागच्या सीटवरून विचारलंस, "बाबा, टोमॅटो फोडणं खरं आहे की तू बनवलंस?" मी सिग्नलकडे बघत म्हणालो, घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर अर्थातच बोललो नाही. आज बुधवार. तोंडाने सांगायला गेलो की माझं भाषण होतं असं तुझी आई म्हणते, म्हणून लिहितोय. शब्द अडला तर तिला विचार.

झालं काय ते मला तिच्याकडूनच कळलं. वर्गात दिवाळीचं चित्र काढायचं होतं. तू मागच्या दाराची पायरी काढलीस, तुझा पाय काढलास आणि अंगठ्याखाली लालभडक चेरी टोमॅटो. मुलं हसली. एकाने सांगितलं, नरकचतुर्दशीला कारीट फोडतात, टोमॅटो नाही. बरोबर सांगितलं त्याने. कारीट म्हणजे लिंबापेक्षा लहान, हिरवं, पांढुरक्या रेघांचं, काकडीच्या भावकीतलं रानफळ. चवीला कडू जहर.

तर उत्तर हे, की मी बनवलं. ठरवून नाही. तू तीन वर्षांची होतीस, मेलबर्नला येऊन आपल्याला जेमतेम दोन महिने झाले होते. पहाटे पाचला तुला उठवलं, तेल लावलं, उटणं लावलं, तू रडलीस, मोती साबणाने आंघोळ झाली. टॉवेलात गुंडाळून मागच्या पायरीवर आणलं आणि आठवलं की पायाखाली फोडायला काहीच नाही. फ्रिज उघडला तर अर्धा कोबी, दही आणि चेरी टोमॅटोचा डबा. म्हटलं, यावर पाय दे, "गोविंदा!" म्हण. तू पाय दिलास आणि टोमॅटोची पिचकारी थेट माझ्या लेंग्यावर. रडणं थांबलं. "अजून एक." आपण अख्खा डबा संपवला. मग तू विचारलंस, "असंच करतात?" मी म्हणालो, "हो, असंच करतात."

रविवारी लागलं ते हे वाक्य. टोमॅटोचं काही नाही. मी तुला "आज आपल्याकडे कारीट नाही म्हणून टोमॅटो" असं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर वर्गात तुझ्याकडे उत्तर असतं.

आता भुसावळ. डोळे फिरवू नकोस, थोडंच आहे.

माझी आजी, म्हणजे हॉलमधल्या फोटोतली नऊवारीतली तुझी पणजी, कुडाळकडची. तिकडे नरकचतुर्दशीला चावदिवस म्हणतात. पहाटे आंघोळ, तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा, मग पाच तऱ्हांचे पोहे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नोकरीपायी ती भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली. तिथे बाजारात केळी म्हणशील तेवढी, पण कारीट मिळेना. तिने काय केलं असेल? तोंडलं घेतलं. आम्ही भावंडं तोंडलीच फोडत मोठे झालो. तोंडलं कडू नसतं, म्हणून ती कडुनिंबाचं पान चावायला लावायची. बारावीनंतर मी पहिल्यांदा कुडाळला गेलो तेव्हा कारीट हातात घेऊन मामेआजोबांना विचारलं, हे काय आहे? ते किती हसले ते विचारू नकोस. म्हणजे माझ्याही वर्गातली मुलं हसलीच होती, फक्त मी अठरा वर्षांचा होतो.

नाना मालगाडीवर गार्ड होते. गार्ड म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसणारा माणूस. त्यांची सुट्टी कॅलेंडरवर नसायची. कॉलबॉय सायकलवरून वही घेऊन यायचा, नाना सही करायचे, आपली पेटी आणि दिवा घेऊन निघायचे. दिवाळी असो, शिमगा असो. एका वर्षी, मी सात-आठ वर्षांचा असेन, ते आदल्या रात्री खंडव्याकडे गेले आणि पहाटे आलेच नाहीत. गाडी कुठेतरी आडरानात उभी. आम्ही तेल लावून बसलेलो, बंबात पाणी उकळतंय, बाहेर फटाके सुरू झालेत. आई म्हणाली, पोरांना घालू या आंघोळी, सूर्य थांबणार आहे का? आजी उठली, एक गोधडी घेतली आणि खिडकीवर टांगली. दाराच्या फटीत पोतं कोंबलं. खोलीत गच्च अंधार. पणती लावून म्हणाली, "अजून उजाडलं नाही. कुणी बाहेर डोकावायचं नाही."

साडेदहाला नाना आले. त्या अंधारात त्यांना पाटावर बसवून तिने पाठीला तेल चोळलेलं मला अजून दिसतं. कोळशाची भुकटी आणि तेल, काळे ओघळ. मग आम्ही सगळ्यांनी ओळीने तोंडली फोडली. अंगणात गेलो तर दुपारचं ऊन होतं.

हे लिहितानाच मला एक गोष्ट सुचली. इथे तर ऑक्टोबरात घड्याळ एक तास पुढे केलेलं, साडेसात वाजले तरी उजेड, आणि तुला आठला झोपायचं असतं. म्हणून मी हॉलचे जाड पडदे ओढून पणत्या लावतो. तू गेल्या वर्षी म्हणालीस, "बाबा, ही चीटिंग आहे." मला वाटत होतं ही युक्ती माझी. ती पणजीची निघाली.

पण मी माझीच वकिली करतोय, हे मलाही कळतं. आजीला कारीट माहीत होतं, तिने लहानपणी ते चाखलं होतं, म्हणून तोंडलं हातात घेताना तिला ठाऊक होतं की आपण कशाच्या जागी काय ठेवतोय. मला तोंडलं ठाऊक होतं. तुला फक्त टोमॅटो ठाऊक आहे आणि तो गोड आहे. कडू कुठे गेलं? फेकून नाही दिलं कुणी, गळलं वाटेत. याचं मला वाईट वाटतं. सुमाआत्याने एकदा रुमालात कारिटाच्या बिया बांधून आणल्या होत्या, पण विमानतळावर फॉर्ममध्ये खरं लिहिलं आणि बिया तिथल्याच पेटीत गेल्या. तिचा राग अजून गेलेला नाही.

टोमॅटो परका आहे म्हणशील तर मिरचीसुद्धा अमेरिका खंडातलीच, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. आणि दिवाळी अंकांवाचून दिवाळी नाही असं मी दरवर्षी म्हणतो (जानेवारीत पोहोचतात, हसू नकोस), पण का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला १९०९ साली. त्याआधीही लोक दिवाळीत चकल्या खातच होते, वाचायला काय घेत होते देव जाणे. बघ, झालंच भाषण.

तुला आवडत नसेल तर टोमॅटो बंद करू. खरंच. वर्गात मान खाली घालायला लागावी असं मला काही नको आहे. पहाटेची आंघोळ मात्र एवढ्यात सोडणार नाही, ती माझ्यासाठी आहे असं समज. या सोमवारी शाळा आहे, म्हणून आपली दिवाळी शनिवारी, नेहमीसारखी. इंडियन स्टोअरमध्ये कारलं मिळतं, लहानसं बघून एक आणून ठेवतो. टोमॅटोचा डबाही आणतो. पायरीवर दोन्ही ठेवीन, तू काय फोडायचं ते फोड. कारल्याचा रस जिभेला लावायची सक्ती नाही, पण मी लावणार आहे आणि तू माझं तोंड बघायचंस.

आणि रविवारी नानांना फोन लागेल तेव्हा त्या गोधडीचं विचार. मी मागे विचारलं होतं तर म्हणाले, गोधडी कुठली, माझा ड्युटीचा काळा कोट टांगला होता तुझ्या आजीने. मी म्हटलं, नाना, कोट तर तुमच्या अंगावर होता. त्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन होते."

बाबा